बाद पुस्तकांतले पक्षी : कोल्हापूरच्या ग्रंथालयांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांचे विश्वस्त, कार्यकारी मंडळांचे सदस्य आणि ग्रंथपाल यांस,

विषय : हाताने रंगवलेली पक्षिचित्रे असलेले जुने ग्रंथ निर्लेखनातून वगळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

आपल्या ग्रंथालयांत वर्षाकाठी जीर्ण आणि न वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांची यादी निघते, ती कार्यकारी मंडळापुढे येते, ठराव होतो आणि पुस्तके बाद केली जातात. जागेची अडचण आणि अनुदानाचे गणित पाहता या कामाला इलाज नाही, हे मी जाणतो आणि निर्लेखनाबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी विनंती एवढीच आहे की एकोणिसाव्या शतकातला पक्ष्यांवरचा, प्राण्यांवरचा, शिकारीवरचा किंवा प्रवासवर्णनाचा कोणताही सचित्र ग्रंथ त्या यादीत घालण्यापूर्वी त्यातली चित्रांची पाने एकेक करून भिंगाखाली पाहिली जावीत, आणि त्यांतले रंग छापलेले नसून कुंचल्याने भरलेले आहेत असे दिसले, तर तो ग्रंथ कितीही फाटका असला आणि कित्येक वर्षांत तो कोणी घरी नेला नसला तरीही त्याला ग्रंथालयाबाहेर जाऊ देऊ नये.

मी कोल्हापुरात चित्रांच्या फ्रेम करून देतो. चित्रकलेचे माझे शिक्षणही याच शहरात झाले, त्यामुळे जलरंग कागदावर कसा बसतो, कुठे साचतो आणि किती वर्षांनी उडतो हे मला कामातूनच कळत गेले. लोक माझ्याकडे आजोबांच्या तसबिरी आणतात, देवादिकांची जुनी छापील चित्रे आणतात, आणि अधूनमधून पुस्तकांतून कापलेली पाने आणतात. त्या शेवटच्या प्रकारामुळे हे पत्र लिहावेसे वाटले.

असे ग्रंथ आपल्याकडे कुठून असणार, असे कोणाला वाटेल. पण आपल्या शहरातला ग्रंथसंग्रह जुना आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० मध्ये सुरू झाले, राजाराम कॉलेज १८८० मध्ये. हाताने रंगवलेल्या पक्षिग्रंथांचा ऐन बहर साधारण १८३० ते १८८० या पन्नास वर्षांतला, म्हणजे आपल्या ग्रंथालयांची पायाभरणी चालू होती त्याच काळातला. संस्थानात शिकारीचा नाद होता, इंग्रज अधिकाऱ्यांची ये-जा होती, आणि सरदार, वकील, डॉक्टर यांच्या घरांतले संग्रह पुढच्या पिढीने ग्रंथालयांना देणगी दिले. अशा देणगीतला इंग्रजी ग्रंथ दाखल नोंदवहीत फक्त नावाने चढतो. आत चित्रे किती, ती कोणी काढली, रंग छापलेले की भरलेले, याची नोंद करण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती. म्हणून कोणत्या कपाटात काय आहे हे नोंदवहीवरून कळणार नाही. ग्रंथ उघडूनच पाहावा लागेल.

ही चित्रे तयार कशी होत, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ते कळले की त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलते. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले जाई किंवा आम्लाने खोदले जाई. पुढे शिळाप्रेस आला. जुन्या शिळाछाप पोथ्या आपल्यापैकी अनेकांनी हाताळल्या असतील. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८४१ मध्ये छापलेल्या पंचांगाचा उल्लेख मराठी मुद्रणाच्या इतिहासात सर्वत्र येतो. तीच कला युरोपात पक्ष्यांसाठी वापरली जात होती. बव्हेरियातल्या सोलनहोफेन इथल्या गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर चित्रकार तेलकट खडूने उलटे चित्र काढी, शिळा ओली केली की छपाईची शाई फक्त त्या तेलकट रेघांना धरी, आणि दाबयंत्राखाली कागदावर सुलटे चित्र उमटे. तांब्यावर कोरणाऱ्या कारागिराला पिसाचा मऊपणा रेघांनी भासवावा लागे. शिळेवर तो खडूच्या दाण्यातून आपोआप येई. पक्ष्यांची चित्रे शिळेवर इतकी खुलली याचे खरे कारण हे आहे.

मात्र छापखान्यातून बाहेर येणारे हे चित्र काळे-पांढरेच असे. त्यानंतरचे सगळे काम हाताचे. मूळ चित्रकार किंवा त्याचा विश्वासू सहायक एक नमुना रंगवून देई, तो नमुना रंगकाऱ्यांसमोर ठेवला जाई, आणि बाकीच्या प्रती त्यावरून रंगवल्या जात. पुष्कळ कार्यशाळांत एकाने फक्त आकाशाचा हलका हात द्यायचा, दुसऱ्याने पंखांचा हिरवा, तिसऱ्याने चोच आणि पाय, अशी कामाची वाटणी असे. या कामाला बायका आणि लहान मुलेही बसत. शेवटी डोळ्याच्या काळ्या ठिपक्यावर किंवा गडद पिसांवर डिंकाच्या पाण्याचा हात देत, म्हणजे तिथे चकाकी येई. फ्रान्समध्ये निसर्ग-अभ्यासक ब्यूफाँच्या पक्षिग्रंथासाठी चित्रकार मार्तिने यांनी केलेल्या १००८ चित्रांच्या प्रती रंगवण्याच्या कामाला ऐंशीच्या आसपास माणसे जुंपली होती. त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कोणालाही माहीत नाहीत.

आकड्यांवरून या श्रमाचा अंदाज येतो. एडवर्ड लिअर हा इंग्रज चित्रकार पुढे हास्यकवितांसाठी प्रसिद्ध झाला, पण अठरा वर्षांचा असताना तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यांसमोर बसून जिवंत पोपटांची चित्रे काढत होता. त्यापूर्वी बहुतेक चित्रकार पेंढा भरलेल्या किंवा वाळवलेल्या कातड्यांवरूनच पक्षी काढत, त्यामुळे लिअरच्या पोपटांचा डौल पाहणाऱ्याला वेगळाच वाटतो. १८३० ते १८३२ या काळात त्याने पोपटांची ४२ चित्रे प्रसिद्ध केली. प्रती फक्त १७५ काढल्या आणि मग शिळांवरची चित्रे पुसून टाकली. एवढ्या लहान उपक्रमातही ७३५० पाने हाताने रंगवावी लागली. अमेरिकेतल्या पक्ष्यांवरच्या जॉन जेम्स ऑड्युबॉनच्या ग्रंथाचे प्रमाण तर फारच मोठे. १८२७ ते १८३८ अशी अकरा वर्षे त्याचे काम चालले, ४३५ चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर झाली, आणि एकेक पान जवळजवळ एक मीटर उंचीचे होते. पूर्ण संच दोनशेपेक्षा कमीच झाले, तरी रंगवलेल्या पानांची संख्या सत्तर हजारांच्या घरात जाते. आरंभीची दहा चित्रे एडिंबरोत लिझार्स यांच्याकडे झाली होती. तिथल्या रंगकाऱ्यांनी संप केला, म्हणून ऑड्युबॉनने काम लंडनला रॉबर्ट हॅवेल यांच्याकडे नेले. ज्यांची नावे ग्रंथावर कुठेच नव्हती त्या माणसांनी कुंचले खाली ठेवल्याबरोबर एवढा मोठा उपक्रम अडून राहिला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

हिंदुस्थानशी जवळचा संबंध येतो तो जॉन गूल्ड यांच्या ग्रंथांचा. हे गृहस्थ लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत पक्ष्यांत पेंढा भरण्याचे काम पाहत. हिमालयातून संस्थेकडे पक्ष्यांची कातडी आली, आणि त्यांवरून १८३० च्या सुमारास त्यांनी ८० चित्रांचा, शंभर हिमालयीन पक्ष्यांचा ग्रंथ काढला. चित्रे शिळेवर काढली ती त्यांची पत्नी एलिझाबेथ हिने. हिमालय तिने पाहिलेला नव्हता; वाळलेल्या कातडीवरून पक्षी जिवंत कसा उभा राहत असेल, याचा अंदाज तिने बांधला. शिंजीर जातीच्या एका सुंदर पक्ष्याच्या शास्त्रीय नावात तिचे नाव आजही आहे. १८४१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, बाळंतपणानंतर ती वारली. त्यानंतर रिक्टर, वुल्फ, हार्ट अशा चित्रकारांनी गूल्ड यांचे काम चालू ठेवले. आशियातल्या पक्ष्यांवरचा ५३० चित्रांचा ग्रंथ १८५० ते १८८३ एवढा काळ निघत राहिला आणि गूल्ड यांच्या मृत्यूनंतर शार्प यांनी तो पूर्ण केला. हमिंगबर्डच्या गळ्याची झळाळी साध्या जलरंगात येईना, तेव्हा कागदावर सोन्याचा वर्ख लावून त्यावर पारदर्शक रंग आणि वार्निश देण्याची युक्ती त्यांच्या कार्यशाळेत वापरली गेली. एकेका पानावर असा वर्ख हाताने बसवणे म्हणजे काय, हे वर्खाचे काम केलेल्या माणसालाच नेमके कळेल.

आपल्या मातीतली परंपरा याच्याही आधीची आहे. जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूर यांची पक्षिचित्रे जगभर वाखाणली जातात. कलकत्त्यात १७७७ ते १७८२ या काळात तिथल्या सरन्यायाधीशांच्या पत्नी लेडी इम्पी यांच्या पदरी शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याच्या चित्रकारांनी तीनशेहून अधिक चित्रे केली, आणि त्या चित्रांवर चित्रकाराचे नाव फारसीत लिहिलेले आहे. ही छापचित्रे नव्हती, प्रत्येक चित्र एकुलते एक होते. परंतु पुढच्या काळात हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचे छापील ग्रंथ निघाले तेव्हा त्यांतली पुष्कळ मूळ चित्रे इथल्याच चित्रकारांच्या हातची होती. आपल्या दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी शास्त्रीय यादी कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, १८४३ ते १८४७ या काळात, जर्डन यांनी मद्रासहून मुख्यतः दक्षिण हिंदुस्थानातल्या पक्ष्यांची ५० रंगीत चित्रे प्रसिद्ध केली, आणि त्यांसाठीही इथल्या चित्रकारांनी काम केले होते. मद्रासहून निघालेला असा ग्रंथ दक्षिण महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या घरात येऊन पडला असेल, तर त्यात आश्चर्य काही नाही.

१८८० च्या आसपास चित्र पालटले. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा वापरून रंगीत छपाई करणे स्वस्त झाले; आपल्याकडे रविवर्मा प्रेसची देवदेवतांची चित्रे याच तंत्राने घरोघरी पोचली. ह्यूम आणि मार्शल यांचा हिंदुस्थानात ज्यांची शिकार केली जाई अशा पक्ष्यांवरचा त्रिखंडी ग्रंथ १८७९ ते १८८१ मध्ये निघाला तो रंगीत शिळाछपाईचा होता, आणि त्यातल्या चित्रांबद्दल खुद्द ह्यूम यांनी नाराजी नोंदवली होती. म्हणजे त्या काळच्या जाणत्या माणसांनाही हातचा रंग आणि यंत्राचा रंग यांतला फरक जाणवत होता. असे छापील रंगांचे ग्रंथही जपण्याजोगेच आहेत. परंतु ते अधिक संख्येने छापले गेले. हाताने रंगवलेल्यांचे तसे नाही.

आता मी जे पाहिले ते सांगतो. एका गृहस्थांनी माझ्याकडे चार पाने फ्रेम करायला आणली. त्यांनी ती जुन्या पुस्तकांच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली होती आणि बैठकीच्या खोलीत चारही एका मापात लावायची होती. त्यांतले एक पान तांबट पक्ष्याचे होते. कपाळावरचा आणि छातीवरचा लाल इतका दाट होता की खालची खडूची रेघ पूर्ण झाकली गेली होती. पोटाकडचा फिकट रंग मात्र पाण्यासारखा पातळ, आणि त्याखाली खडूचा दाणा आणि पोटावरच्या उभ्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. गळ्याच्या पिवळ्या रंगाचा एक हात रेघेच्या किंचित बाहेर गेला होता आणि तिथे वाळताना त्याची कडा थोडी गडद झाली होती. डोळ्यावर डिंकाची चकाकी अजून होती. पान तिरके धरले की ती उमटायची. डाव्या कडेला शिवणीची छिद्रे होती. पान ठरावीक मापात बसावे म्हणून खालची पट्टी कोणीतरी आधीच कापून टाकली होती, आणि चित्रकाराचे, शिळेवर काम करणाऱ्याचे आणि छापखान्याचे नाव बहुधा याच पट्टीत असते. पानाच्या मागे जांभळ्या शाईतल्या गोल शिक्क्याचा एक तुकडा होता. त्यात ‘वाचन’ एवढी अक्षरे वाचता येत होती.

ते कोणत्या गावचे ग्रंथालय होते, मला ठाऊक नाही. पाने मी आम्लविरहित माउंटवर, काचेपासून अंतर ठेवून बसवली, आणि ती उन्हाच्या भिंतीवर लावू नयेत असे त्या गृहस्थांना सांगितले. त्यांनी ते मनापासून ऐकले. परंतु ती कोणत्या ग्रंथातली, कोणत्या वर्षीची, कोणाच्या हातची, हे आता खात्रीने सांगता येणार नाही. तांबटाचे वर्णन ज्या पानावर होते ते पान, आणि त्या ग्रंथातले बाकीचे सगळे पक्षी, रद्दीच्या वजनात गेले.

चित्र मजकुरापासून तोडले की केवळ शोभेची वस्तू उरते, हे नुकसान कलेचेच आहे असे नाही. पक्षिशास्त्रात कितीतरी शास्त्रीय नावे छापलेल्या चित्रांच्या आधारे दिली गेली आहेत. मार्तिनेच्या ज्या १००८ चित्रांचा वर उल्लेख केला, त्यांवरून डच अभ्यासक बॉडार्ट यांनी १७८३ मध्ये अनेक पक्ष्यांना नावे दिली, आणि त्यांतली पुष्कळ आजही प्रचारात आहेत. एखाद्या जातीचे पहिले वर्णन कशावरून झाले हे तपासताना अभ्यासकाला चित्र, चित्राचा क्रमांक, सोबतचा मजकूर आणि तो भाग प्रसिद्ध झाल्याची तारीख हे सगळे एकत्र लागते. हे ग्रंथ अनेक भागांत निघत असल्याने काही वेळा भागाचे मूळ मुखपृष्ठसुद्धा पुराव्याचे काम करते, आणि बांधणी करताना नेमके तेच फेकले जाते.

यावर एक रास्त प्रश्न येईल. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर यांतले अनेक ग्रंथ विनामूल्य पाहता येतात, मग इथली जीर्ण प्रत जपायची कशासाठी? मजकुरासाठी मीही तिथेच जातो, आणि ती सोय फार मोलाची आहे. परंतु हाताने रंगवलेल्या ग्रंथाच्या दोन प्रती कधीच एकसारख्या नसतात. गूल्ड यांच्या हिमालयीन पक्ष्यांच्या काही प्रतींत फक्त पक्षी रंगवलेला आहे आणि फांद्या-पाने काळी-पांढरीच सोडली आहेत, तर काही प्रतींत पार्श्वभूमीही रंगवलेली आहे. कुठे नमुन्याप्रमाणे काटेकोर काम दिसते, कुठे शेवटच्या हप्त्याची घाई. एका प्रतीत किरमिजी उडून फिका गुलाबी झालेला असतो, दुसरी अंधारात राहिल्याने तो ताजा असतो. आपल्या कपाटात दीडशे वर्षे बंद राहिलेली, कोणी न उघडलेली प्रत रंगांच्या दृष्टीने एखाद्या नामांकित संग्रहातल्या, सतत प्रदर्शनात राहिलेल्या प्रतीपेक्षा चांगली निघण्याची शक्यता खरोखरच आहे.

ओळखण्याची रीत अवघड नाही. गुजरीतले सराफ वापरतात तसे दहापट दाखवणारे भिंग घ्यावे आणि खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही अशा ठिकाणी पान पाहावे. ठरावीक जाळीत बसलेले चार रंगांचे बारीक ठिपके दिसले तर ते विसाव्या शतकातले छापील चित्र. ठिपके अनियमित असतील, वेगवेगळ्या रंगांचे ठसे एकमेकांवर चढलेले असतील आणि कडेला एखादा रंग सरकलेला दिसत असेल, तर ती रंगीत शिळाछपाई. ठिपके मुळीच नसतील, काळ्या रेघेवर रंगाचा सलग हात असेल, रंग मध्येच रेघेबाहेर गेला असेल आणि वाळलेल्या कडा गडद असतील, तर तो कुंचला. काही ग्रंथांत एखादी हलकी छटा छापून वरचे रंग हाताने भरलेले असतात. तेही राखून ठेवण्याच्या बाजूलाच धरावेत. तांब्याच्या पत्र्यावरचे चित्र असेल तर त्याभोवती पत्र्याच्या दाबाचा चौकोनी खळगा बोटाला लागतो. शंका आली तर ग्रंथ बाजूला ठेवावा आणि जाणकाराला विचारावे, एवढे पुरे.

जपण्याच्या बाबतीत मात्र मला थोडे कळकळीने सांगायचे आहे, कारण चांगल्या हेतूने केलेले नुकसान मी अनेकदा पाहतो. या पानांना लॅमिनेशन करू नये. ते पुन्हा काढता येत नाही, आणि उष्णतेने डिंक व रंग प्लास्टिकला चिकटतात. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो. डकवायचेच असेल तर गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि जपानी कागद, आणि तेही शिकलेल्या हाताने. चित्रासमोर पातळ कागद असेल तर तो तसाच राहू द्यावा, मात्र त्यावर तपकिरी डाग पडले असतील तर आम्लविरहित कागद घालावा. पांढऱ्या रंगासाठी त्या काळी सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा, वापरत. हवेतल्या गंधकाने तो काळा पडतो. पांढऱ्या पक्ष्याच्या छातीवर राखाडी-काळे डाग दिसले तर ती बुरशी असेलच असे नाही, आणि ते पुसण्याचा प्रयत्न कोणी करू नये. संरक्षणतज्ज्ञ ते सुधारू शकतात. प्रदर्शनात ठेवायचे झाल्यास प्रकाश पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आत असावा, आणि तोही थोड्या दिवसांसाठी. किरमिजी आणि गॅम्बोज पिवळा उजेडाने उडतात ते परत येत नाहीत. आपल्याकडचा पावसाळा कागदाला फार जाचतो, म्हणून हे ग्रंथ भिंतीला टेकलेल्या कपाटात आणि अगदी खालच्या फळीवर ठेवू नयेत, आडवे ठेवावेत, आणि कसर लागली आहे का हे वर्षातून एकदोनदा पाहावे. छायाचित्रे काढायची तर ग्रंथ स्कॅनरवर पालथा दाबू नये. उशीवर अर्धवट उघडून वरून, फ्लॅश न वापरता काढावीत.

विक्रीचा मोह होऊ शकतो, हेही स्पष्ट लिहितो. सुटी पाने विकली तर पूर्ण ग्रंथापेक्षा जास्त पैसे येतात, हे या व्यापारातले जुने गणित आहे, आणि इमारतीची गळती थांबवायला पैसे नसलेल्या ग्रंथालयाला कोणी असा सल्ला दिला तर त्या संस्थेला दोष देणे मला जड जाईल. तरीही पान कापण्यापेक्षा पूर्ण ग्रंथ विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे किंवा एखाद्या संग्रहालयाकडे सोपवावा, आणि दाखल नोंदवहीत तसे लिहून ठेवावे. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात शिकारीतले पेंढा भरलेले प्राणी आपण तिकीट काढून पाहतो. त्याच काळातल्या कागदावरच्या पक्ष्यांना निदान एक कोरडे कपाट मिळायला हवे.

आणखी एक गोष्ट आपल्या हातात आहे. ज्या शहरात बाबुराव पेंटरांनी पडदे आणि पोस्टरे रंगवली, जिथे कलानिकेतन आणि दळवीज् आर्ट इन्स्टिट्यूटसारख्या संस्था पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडवतात, तिथे हे ग्रंथ कुलपात ठेवून भागणार नाही. महिन्यातून एखादा दिवस ठरवून, ग्रंथपालांच्या देखरेखीखाली, चार-सहा विद्यार्थ्यांना एक चित्र समोर ठेवून त्याच्या काळ्या-पांढऱ्या प्रतीवर रंग भरू द्यावेत. पातळ हिरव्याखालून खडूचा दाणा कसा राखायचा, पिवळ्यावर निळा चढवून पोपटी कसा आणायचा, डिंकाचा हात कुठे थांबवायचा, हे असे बसूनच कळते. राधानगरीच्या जंगलात किंवा रंकाळ्यावर दुर्बीण घेऊन जाणारी मुलेही या चित्रांसमोर आली, तर चित्रकाराचे कुठे चुकले आणि कुठे त्याने नेमके टिपले हे तीच अधिक चांगले सांगतील. कातडीवरून काढलेल्या पक्ष्याची मान आणि पायांची ठेवण पुष्कळदा चुकते. पिसांचे रंग सहसा चुकत नाहीत, चोच, पाय आणि डोळे यांचे मात्र चुकू शकतात.

ज्या ग्रंथालयाला हवे असेल तिथे मी माझे भिंग घेऊन येईन आणि ग्रंथपालांच्या सोबत बसून पाने पाहीन. त्याचा मोबदला मी घेणार नाही आणि एकही ग्रंथ इमारतीबाहेर नेण्याची मागणी करणार नाही. पावसाळ्यात मात्र ही पाने उघडू नयेत. दमट कागद चिकटलेला असतो आणि रंगासकट सुटतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की हे काम सुरू करता येईल, आणि तोपर्यंत एकोणिसाव्या शतकातल्या सचित्र ग्रंथांपुरता निर्लेखनाचा ठराव पुढे ढकलावा, अशी आपल्या प्रत्येक कार्यकारी मंडळाला माझी नम्र विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
चित्रांच्या फ्रेम करणारा आपला एक वाचक सभासद,
कोल्हापूर